पुढे येणाऱ्या आज्ञेचा पत्ता : ग्रेस हॉपर

सी भाषेत प्रोग्रॅम लिहू लागलेल्या विद्यार्थ्याला एक चूक हमखास भोवते. फंक्शन आधी वापरले आणि त्याची घोषणा न करता ते खाली लिहिले, की कंपायलर तक्रार करतो. कंपायलर प्रोग्रॅम वरून खाली वाचत जातो. पुढे काय येणार, हे त्याला ठाऊक नसते. या अडचणीचे मूळ सी भाषेहून सुमारे वीस वर्षे जुने आहे. तिच्यावर अगदी आरंभी तोडगा काढणाऱ्यांत अमेरिकी गणितज्ञ ग्रेस हॉपर होत्या.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवून त्या व्हॅसार महाविद्यालयात अध्यापन करीत होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जाण्याचे ठरविले. वय अधिक आणि वजन कमी असल्याने त्यांना खास सवलत घ्यावी लागली. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील ५१ फूट लांबीच्या ‘मार्क १’ या गणनयंत्रावर झाली.

तेथे उपयुक्त आज्ञासंच वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत होती. गरज पडली, की सहकाऱ्याच्या वहीतून ते हाताने उतरवून घ्यायचे आणि त्यातील पत्त्यांची नव्याने बेरीज करायची. माणसे उतरविताना चुकत आणि बेरजेतही चुकत. हे काम यंत्राचेच आहे, असे हॉपर यांना वाटू लागले. १९४९ मध्ये त्या एकर्ट-मॉकली कंपनीत दाखल झाल्या आणि १९५२ मध्ये ‘युनिव्हॅक’ संगणकासाठी त्यांचा ‘ए-०’ हा कंपायलर तयार झाला.

युनिव्हॅकच्या स्मृतीत अवघे १००० शब्द मावत. हॉपर यांचा कंपायलर प्रोग्रॅम एकदाच वाचत असे. मागच्या भागाकडे उडी घ्यायची असल्यास पत्ता हाती असे. पुढच्या भागाचा पत्ता मात्र अद्याप ठरलेलाच नसे. उत्तर त्यांना महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सापडले. तेव्हाच्या महिलांच्या नियमांनुसार चेंडू हातात घेऊन पळता येत नसे. म्हणून खेळाडू तो सहकारी खेळाडूकडे फेकून पुढे धावे आणि तेथे परत झेली. हॉपर यांनी स्मृतीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. पुढची उडी आधी या कोपऱ्यात जाई आणि तेथे खूण राही. अपेक्षित भाग आला, की कोपऱ्यातून त्याच्याकडे जाण्याची आज्ञा भरली जाई.

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे आली. फंक्शन कोणत्या प्रकारची मूल्ये घेते आणि कोणते परत देते, हे त्याने एका ओळीत आधी सांगावे, अशी अपेक्षा असते. जुन्या सी भाषेत घोषणा नसली, तर फंक्शन पूर्णांक परत देते, असे कंपायलर गृहीत धरी. त्यामुळे वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनची घोषणा राहून गेली, तर प्रोग्रॅम चाले; उत्तर मात्र चुकीचे येई. १९८९च्या प्रमाणीकरणात मूल्यांच्या प्रकारांसह घोषणा करण्याची सोय झाली, तर १९९९च्या प्रमाणीकरणाने अशा गृहीतकाची मुभा काढून घेतली. २०२४ मधील जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीपासून तो कंपायलरही अशी चूक थेट नाकारतो.

हॉपर यांनी पुढे ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा घडविली आणि तिचा मोठा प्रभाव कोबॉलवर पडला. नौदलातून १९६६ मध्ये निवृत्त झालेल्या हॉपर यांना पुढच्याच वर्षी परत बोलावण्यात आले. १९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी त्या रिअर अॅडमिरल या पदावरून अखेर निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेल्या एका विनाशिकेला त्यांचे नाव देण्यात आले, तर २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका यंत्राने टाळाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. घोषणा विसरलेल्या विद्यार्थ्याला कंपायलर वेळीच अडवतो, तेव्हा तेच साधते.