अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर, १८७३ - २० ऑक्टोबर, १९४७) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ व सेंद्रिय शेतीच्या प्रणेत्यांपैकी एक होते. कंपोस्ट खताची इंदूर पद्धत त्यांनी विकसित केली.

== जीवन ==
हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर त्यांनी वेस्ट इंडीजमध्ये काम केले. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. तेथे त्यांनी पत्नी गॅब्रिएल यांच्यासह गव्हाचे सुधारित वाण तयार केले. आपल्या ७५ एकर प्रक्षेत्रावर स्थानिक शेतकऱ्यांच्या पद्धतींचे निरीक्षण करताना, पिकांचे आरोग्य जमिनीच्या सुपीकतेवर अवलंबून असते, असे त्यांचे मत बनले.

== इंदूर पद्धत ==
१९२४ मध्ये होळकर संस्थानातील इंदूर येथे त्यांनी वनस्पती उद्योग संस्थेची उभारणी केली. शेण गोवऱ्यांसाठी जाळले जाई आणि रासायनिक खते सामान्य शेतकऱ्याला परवडत नसत. त्यामुळे विकतची कोणतीही वस्तू न लागणारे खत तयार करणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. काडीकचरा गुरांखाली अंथरून नंतर तो शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांच्यासह उथळ खड्ड्यात थरांनी रचला जाई. पाणी शिंपडून तीन वेळा उलथापालथ केल्यावर सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. रसायनज्ञ यशवंत वाड यांच्यासह त्यांनी ही पद्धत १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरच्या संस्थेला भेट दिली.

== बायोडायनॅमिक शेतीविषयी भूमिका ==
१९२४ मध्येच रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबेरविट्झ येथील व्याख्यानांतून बायोडायनॅमिक शेतीचा पाया घातला. तीत गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरतात आणि कंपोस्टमध्ये वनस्पतींपासून केलेली सहा द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळतात. दोन्ही विचारधारांत कंपोस्टला मध्यवर्ती स्थान असले, तरी स्टायनर यांच्या अनुयायांचे स्पष्टीकरण हॉवर्ड यांना पटले नाही. त्यांच्या मते कुजण्याचे काम बुरशी व जिवाणू करतात. त्यांना हवा, ओलावा आणि योग्य मिश्रण पुरेसे असते.

== उत्तरायुष्य ==
१९३१ मध्ये ते इंग्लंडला परतले. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा आधारग्रंथ मानला जातो. १९४७ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.