ख्रिश्चन डॉप्लर

शनीच्या एन्सेलेडस नामक हिमाच्छादित चंद्राच्या पोटांत पाणी आहे, हें तेथें न खणतां कसें कळलें, असें कोणीं विचारल्यास आम्ही प्रथम एका पाथरवटाच्या मुलाचें नांव घेऊं.

ख्रिश्चन डॉप्लर ह्यांचा जन्म १८०३ सालीं ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग येथें झाला. प्रकृति नाजूक, म्हणून छिन्नी-हातोडा सुटला व गणित हातीं आलें. नोकरी मिळेना, १८३५ सालीं ते अमेरिकेस जाण्याच्या तयारींत असतांना प्राग येथें शिक्षकाची जागा मिळाली. तेथेंच २५ मे १८४२ रोजीं त्यांनीं आपला निबंध वाचला. ध्वनि अगर प्रकाश देणारी वस्तु जवळ येऊं लागली कीं तिच्या लहरी दाटतात, दूर जाऊं लागली कीं विरळ होतात, हें त्याचें सार. ताऱ्यांचे रंग ह्यामुळेंच पडतात हें अनुमान मात्र चुकलें. १८४५ सालीं हॉलंडांत आगगाडीवर तुतारीवाले बसवून तत्त्वाची परीक्षा झाली, व तें खरें ठरलें. ही परीक्षा आम्हांस फार आवडते. तरीहि १८५२ सालीं व्हिएन्नांत पेट्झवाल ह्या गणित्यानें त्यावर कडक हल्ला चढविला. पुढच्याच वर्षीं १७ मार्चला डॉप्लर व्हेनिस येथें वारले. वय अवघें ४९.

२०१० ते २०१२ ह्या काळांत गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठीं कॅसिनी यान तीनदां एन्सेलेडसजवळून गेलें. चंद्राच्या ओढीनें त्याचा वेग किंचित् बदले, आणि पृथ्वीवर येणाऱ्या त्याच्या रेडिओ-लहरी त्या मानानें दाटत वा विरळ होत. दक्षिण ध्रुवाशीं पृष्ठभाग खोलगट आहे. तरी तेथील ओढ त्या मानानें कमी भरली नाहीं. म्हणजे खालीं बर्फाहून जड कांहीं असलें पाहिजे. तें पाणी, ३० ते ४० किलोमीटर बर्फाच्या थराखालीं, असा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला.