आज्ञा म्हणून घेतलेले नाम

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपली दत्तजयंती. त्यानंतर दहाव्या दिवशी, वद्य दशमीला, गोंदवल्यास श्रीब्रह्मचैतन्य महाराजांची पुण्यतिथी. कृष्णाकाठी औदुंबरला पादुकांचे दर्शन घ्यायचे आणि मग सांगलीहून गोंदवले गाठायचे, असा माझा बऱ्याच वर्षांचा क्रम आहे. दत्तभक्तांच्या अंकात रामभक्ताचे चरित्र कशाला, असे कुणी विचारील. पण गुरुचरित्रातला दीपक आपण सर्वांनी वाचला आहे. काशीविश्वेश्वर प्रसन्न झाले, तरी गुरूंना विचारल्यावाचून त्याने वर घेतला नाही. श्रीमहाराजांच्या चरित्रात मला तोच दीपक दिसतो.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १८४५ चा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गोंदवले बुद्रुक इथला. घराणे कुलकर्ण्यांचे, पाळण्यातले नाव गणपती. वय खेळण्याचे, पण गुरूच्या शोधात मुलाने घर सोडले. वडील रावजीपंतांनी शोधून परत आणले आणि खटावच्या मुलीशी लग्न लावून दिले. तरी ओढ काही सुटेना. पुन्हा घर सोडले, अनेक साधुसंतांचे पाय धरले आणि शेवटी मराठवाड्यात येहळेगावला श्रीतुकामाईंपाशी येऊन ते स्थिरावले.

तुकामाईंनी शिष्याची फार कठोर पारख केली. त्यात उतरल्यावर त्याला ब्रह्मचैतन्य हे नाव दिले, अनुग्रह देण्याचा अधिकार दिला आणि आज्ञा केली ती ही, की संसारात राहून प्रपंची माणसांना रामनामाला लावावे.

इथे मी दरवेळी थबकतो. ज्याने घरदार सोडले, त्याला पुन्हा संसारातच राहायची आज्ञा! एकांतात बसून जप करणे त्याला सोपे होते. आवडीचेही असेल. पण महाराज गोंदवल्याला परतले.

पुढचे सारे आयुष्य त्या एका आज्ञेत गेले. पहिली पत्नी निवर्तली. आई गीताबाईंनी दुसऱ्या लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा आईचा शब्द मानून त्यांनी आटपाडीच्या देशपांड्यांची अंध मुलगी पत्नी म्हणून पत्करली. आटपाडी आज आपल्या सांगली जिल्ह्यात आहे. माणदेशात दुष्काळ पडला, तेव्हा लोकांना शेतात काम दिले आणि पोटाला भाकरी दिली. म्हसवडच्या बाजारातून कसायाकडे जाणाऱ्या गाई सोडवल्या. गोंदवल्यात राममंदिर उभे केले. आईला काशी-प्रयागची यात्रा घडवली. तिचा देह अयोध्येत पडला. घरी कुणी कर्जाची, कुणी आजारपणाची, कुणी भाऊबंदकीची गाऱ्हाणी घेऊन येई. महाराज ज्याचे-त्याचे ऐकून घेत, जमेल ती मदत करीत आणि शेवटी त्याच्या हाती नामच ठेवीत. २२ डिसेंबर १९१३ रोजी पहाटे त्यांनी गोंदवल्यातच देह ठेवला.

आता माझे सांगतो. मी बँकेतला कारकून. आयुष्य जमा-नावे करण्यात गेले, आणि खरं सांगायचं तर जपाचाही मी तसाच हिशेब ठेवला. इतक्या माळा, इतकी पारायणे, मग घरात सगळे नीट चालायला हवे! सौभाग्यवती अंथरुणाला खिळली आणि माझा हिशेब बिघडला. मी माळ फडताळात ठेवून दिली. चार-पाच महिने ती तिथेच होती.

त्या दिवसांत महाराजांचे चरित्र पुन्हा वाचनात आले आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या वाट्यालाही घरातले मृत्यू आले, दुष्काळ आला, दम्यासारखे दुखणे आले. त्यांनी नाम सोडले नाही, कारण ते काही मिळवण्यासाठी धरलेलेच नव्हते. गुरूंनी सांगितले म्हणून ते घेतले होते. नोकरीत असताना रोज संध्याकाळी कॅश जुळवल्याशिवाय मी घरी निघत नसे. आज मन लागत नाही, असे तिथे कधी म्हटले नाही. मग देवापुढेच मनाची परवानगी कशाला मागायची?

सौ. अजून अंथरुणावरच आहे. पहाटे तिचे औषधपाणी आटोपले की मी माळ घेऊन तिच्या उशाशी बसतो. काही दिवस मन रमते, पुष्कळ दिवस रमत नाही. माळ मात्र पुरी करतो. परवा ती म्हणाली, जरा मोठ्यानं म्हणा, मलाही ऐकू येऊ दे. तेव्हापासून मोठ्याने म्हणतो.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥