शंतनुराव किर्लोस्कर : विहिरीवरचं इंजिन आणि शर्यतीची गाडी



थोर उद्योजकांची माहिती हा प्रकल्प आमच्या विक्रोळीच्या शाळेत दरवर्षी असतो. मुलं फोटो चिकटवतात, जन्मतारीख आणि पुरस्कार लिहितात, वही जमा करतात. यंदा मात्र वर्गात भांडण झालं. एका मुलाचे वडील टेम्पो चालवतात. दुसऱ्याने त्याला ऐकवलं की डिझेलची गाडी म्हणजे बैलगाडी, खरी पळणारी गाडी पेट्रोलचीच. हायवे जवळ असल्यामुळे गाड्यांच्या बाबतीत आमची चौथीतली पोरंसुद्धा स्वतःला तज्ज्ञ समजतात! टेम्पोवाल्याचा मुलगा काहीच बोलला नाही, खाली बघून बसला. मला ते लागलं. म्हणून मी शंतनुरावांची गोष्ट त्याच भांडणापासून सुरू केली. तुम्हाला वर्गात किंवा घरी वापरता येईल म्हणून इथे देते आहे.

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. त्यांच्याआधी वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लक्ष्मणराव आपल्यापैकीच, म्हणजे शिक्षक होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते ड्रॉइंग शिकवत. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला जाऊन सायकलींचं दुकान चालवलं. पुढे लोखंडी नांगर बनवला. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुमारे दोन वर्षं नांगर विकला जाईना. घरात बनवलेली वस्तू चांगली आहे आणि तरी कोणी घेत नाही, या अनुभवाच्या आठवणी सांगणाऱ्या घरात शंतनुराव वाढले. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. तो निवडुंग माजलेला माळ होता. तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंतनुराव तेव्हा सहा-सात वर्षांचे होते, म्हणजे कारखाना आणि मुलगा एकमेकांच्या सोबतीने मोठे झाले असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी नंतर इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही हा निवडुंग आला आहे : कॅक्टस अँड रोझेस.

१९२२ साली ते अमेरिकेला गेले आणि एमआयटी या प्रसिद्ध संस्थेतून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले. तो काळ तिकडे पेट्रोल मोटारींच्या भरभराटीचा होता. फोर्डच्या गाड्या कारखान्यातून रांगेने बाहेर पडत होत्या. एखादा तरुण मोटारीच्याच मागे लागला असता. शंतनुराव परत आले ते वाडीच्या कारखान्यात. तिथे नांगर होते, उसाचे चरक होते, पंप होते.

पंपापाशी खरी अडचण सुरू होते. पंप पाणी उपसतो, पण पंपाला फिरवायचं कोणी? खेड्यात वीज नव्हती. विहिरीवर मोट होती, धावेवर दिवसभर मागे-पुढे करणारे बैल होते. तेलावर चालणारी इंजिनं बहुतेक परदेशातून यायची, ती घेणं मोजक्याच शेतकऱ्यांना परवडे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, शंतनुरावांनी पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. डिझेल इंजिन इथेच बनवायचं ठरवलं.

पेट्रोल का नाही? मुलांना हे सांगण्यासाठी मी वर्गात सायकलचा पंप नेला. तोंडावर बोट ठेवून चार-पाच वेळा जोरात दाबायला लावलं आणि खालचा भाग हाताने बघायला सांगितला. गरम! हवा दाबली की तापते. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण दहापट दाबतात आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा घेतात, ती पंधरा ते वीसपट दाबतात. ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरजच नाही. ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. त्याचं इंजिन १८९७ मध्ये तपासणीत उतरलं तेव्हा इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावत होतं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या ते खूपच पुढे होतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने बघा. तेवढंच पाणी उपसायला इंधन कमी लागतं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, त्यामुळे कॅन खोपीत ठेवता येतो. आणि पंपाला काही शर्यत जिंकायची नसते. किर्लोस्करांचं पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं, तेच फेरे तासन्‌तास घेत राहतं. माझ्या आजोबांच्या विहिरीवर असं एक होतं. आमच्याकडे त्याला इंजान म्हणत. डोक्यावरची छोटी कळ उचलायची, हँडल फिरवायचं, वेग आला की कळ सोडायची, मग ते धडधडायला लागायचं. ती कळ कशासाठी हे मला डीएड झाल्यावर, मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा कळलं. कळ उचलली की आतली हवा दाबलीच जात नाही, म्हणून माणसाच्या हाताला इंजिन फिरवता येतं.

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. बाप-लेकाने उभं केलेलं बरंचसं राखेत गेलं. तो पुन्हा उभा केला गेला. पुढे परवान्यांचा काळ आला. काय बनवायचं आणि किती बनवायचं याला दिल्लीची परवानगी लागे. शंतनुराव त्यावर उघड टीका करत, आणि त्या काळात ते सगळ्यांना आवडत नसे. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता आमच्या वर्गातल्या भांडणाकडे येते. १९६२ साली शंतनुरावांनी अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीशी भागीदारी करून पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू केली. आज ती कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाते. ट्रक आणि मोठ्या यंत्रांसाठी डिझेल इंजिनं हे तिचं काम. पण हीच अमेरिकन कंपनी त्याच्या कितीतरी आधी डिझेल घेऊन शर्यतीच्या मैदानात उतरली होती! इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत तिकडे फार मानाची. १९३१ मध्ये कमिन्सच्या डिझेल गाडीने ती एकदाही न थांबता पूर्ण केली. पेट्रोलच्या गाड्या तेल भरायला थांबत होत्या, ही चालतच राहिली. वेग कमी असल्याने नंबर आला तेरावा. १९५२ मध्ये कमिन्सने टर्बोचार्जर लावलेली २८ नंबरची डिझेल गाडी आणली. पात्रता फेरीत तिने ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा सरासरी वेग काढून बाकी सगळ्या गाड्यांच्या पुढची पहिली जागा पटकावली. शर्यतीत मात्र टायरच्या रबराचा चुरा टर्बोचार्जरच्या तोंडात अडकला आणि तिला अर्ध्याच्या आधीच बाहेर पडावं लागलं.

मग शर्यतीच्या गाड्या बहुतेक पेट्रोलच्याच का? डिझेल इंजिनात फवारा मिसळून जळायला थोडा वेळ लागतो, शिवाय एवढा दाब सोसायला भाग जाड आणि जड करावे लागतात. म्हणून ते फार भराभर फिरू शकत नाही. २००६ च्या सुमारास फॉर्म्युला वनची पेट्रोल इंजिनं मिनिटाला १९,००० च्या आसपास फेरे घेत होती. आजोबांच्या इंजानाचे १५०० आठवा! पण त्याच २००६ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत ऑडीच्या १२ सिलिंडरच्या डिझेल गाडीने जिंकली. तिथे डिझेलचा तो पहिलाच विजय होता. लांब पल्ल्याला डिझेलचा कमी फेऱ्यांतला जोर आणि इंधनाची बचत दोन्ही उपयोगी पडतात.

डिझेलची बाजू घेताना त्याचा धूरही मुलांपासून लपवू नये, असं मला वाटतं. मुंबईत राहणाऱ्याला तो सांगावाही लागत नाही. आणि इंजिन लावून वाट्टेल तेवढं पाणी उपसल्यावर विहिरींचं काय झालं, हा प्रश्न मोठ्या मुलांना जरूर विचारा.

शंतनुराव २४ एप्रिल १९९४ रोजी गेले. २००३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं. त्यांचं विहिरीवरचं इंजिन अजून कित्येक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवतं आहे.

प्रकल्पाच्या वह्या मागच्या आठवड्यात जमा झाल्या. टेम्पोवाल्यांच्या मुलाने फोटो चिकटवलाच नाही. त्याने २८ नंबरची गाडी काढली आहे, तिच्या शेजारी विहीर आणि इंजिन, आणि खालच्या कोपऱ्यात वडिलांचा टेम्पो, नंबरप्लेटसकट.