वाळूला वैतागलेल्या सुताराच्या पोरानं गोल्फची स्टिकच बदलून टाकली

नाशिकचा माणूस गोल्फ क्लबवर निघाला असेल तर तो गोल्फ खेळायला निघालेला नसतो, हे नाशिककरांना सांगायला नको. तिथं सकाळी चालायला जायचं, नाहीतर रणजीची मॅच बघायला. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फ तिथं आता फक्त बोलण्यात उरलाय.

पण टीव्हीवर कधी गोल्फ लागला तर एक शॉट नीट बघा. चेंडू वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे बंकरमध्ये, अडकलेला असतो. खेळाडू स्टिक फिरवतो, वाळू उडते आणि चेंडू अलगद हिरवळीवर येऊन थांबतो. हा शॉट ज्या स्टिकनं सोपा केला ती सँड वेज, आणि आजच्या रूपातल्या सँड वेजचं श्रेय जातं जीन साराझेनला.

मूळ नाव युजेनियो साराचेनी. जन्म 1902, न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरिसनचा. वडील इटलीहून आलेले सुतार. पोरगा लहानपणापासून श्रीमंतांच्या गोल्फच्या पिशव्या उचलायचा. पुढं त्यानं नाव बदललं, कारण जुनं नाव त्याला व्हायोलिन वाजवणाऱ्याचं वाटायचं! 20 व्या वर्षी गड्यानं यूएस ओपन मारली. 1923 नंतर मात्र मोठं विजेतेपद हुलकावणी देत राहिलं, आणि त्याचा एक वैरी होता बंकर.

तेव्हा बंकरमध्ये निब्लिक नावाची स्टिक वापरायचे. तिची पुढची कड धारदार, त्यामुळं ती वाळूत रुतून बसायची. साराझेन विमान चालवायला शिकत होता. उडताना विमानाची शेपटी खाली जाते आणि नाक वर उठतं, हे बघून त्याला आयडिया सुचली. 1931 मध्ये फ्लोरिडातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यानं निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूनं शिसं झाळलं. आता मागची कड आधी वाळूला टेकायची, स्टिक रुतण्याऐवजी घसरून बाहेर यायची.

मग सुरू झाली टेस्टिंग. या शॉटमध्ये स्टिक चेंडूला लागतच नाही, ती चेंडूच्या थोडं मागं वाळूत शिरते. मध्ये वाळू जास्त आली की फिरकी कमी, वाळू कमी आली की फिरकी जास्त. हा अंदाज मोजपट्टीनं येत नाही, हातालाच कळावा लागतो. त्यासाठी साराझेननं हजारो चेंडू मारले. शिसं वाढव, घासून कमी कर, पुन्हा मार.

1932 ची ब्रिटिश ओपन इंग्लंडमध्ये सँडविच गावाजवळ होती. (हो, खायच्या सँडविचचं नाव इथल्याच उमरावावरून पडलंय.) वर्षभरापूर्वीच खोलगट तोंडाच्या एका वेजवर बंदी आली होती. आपलीही स्टिक बाद करतील या भीतीनं साराझेन ती पिशवीत उलटी ठेवायचा आणि रात्री कोटात लपवून हॉटेलवर न्यायचा.

स्पर्धा त्यानं 5 स्ट्रोकनी जिंकली. काही दिवसांतच यूएस ओपनही घेतली, शेवटचा राउंड 66 चा. 1935 ला मास्टर्स जिंकून चारही मोठ्या स्पर्धा पूर्ण केल्या.

1999 मध्ये, 97 व्या वर्षी तो गेला. त्या स्टिकवर बंदी कधी आलीच नाही. विल्सन कंपनीनं ती आर-90 नावानं दुकानात आणली.