सरकत्या खंडांचा द्रष्टा

१ नोव्हेंबर १९३० रोजी आल्फ्रेड वेगेनर यांनी वयाची पन्नास वर्षे पूर्ण केली. त्याच दिवशी ग्रीनलंडच्या हिमपठारावरील, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत असलेल्या संशोधन केंद्रातून ते रासमुस विल्लुमसेन या ग्रीनलंडवासी तरुणासह परतीच्या प्रवासाला निघाले. दोघांपैकी एकही किनाऱ्यावर पोहोचला नाही. पृथ्वीवरील पर्वतांच्या जन्माचे कोडे सोडवण्याची दिशा ज्यांनी दाखवली, त्या वेगेनर यांना तेव्हा बहुसंख्य भूगर्भशास्त्रज्ञ आपल्यातले मानायलाही तयार नव्हते.

वेगेनर यांचा जन्म १८८० साली बर्लिनमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १९०५ साली त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पण त्यांचे मन रमले ते हवामानशास्त्रात. १९०६ साली बंधू कुर्ट यांच्यासह त्यांनी फुग्यातून सलग ५२ तासांहून अधिक काळ आकाशात राहण्याचा विक्रम केला. त्याच वर्षी ते डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर प्रथम ग्रीनलंडला गेले. त्या मोहिमेचा नेता आणि त्याचे दोन साथीदार बर्फात मरण पावले. तरीही ग्रीनलंडची ओढ वेगेनर यांना आयुष्यभर सुटली नाही.

मारबुर्ग विद्यापीठात अध्यापन करीत असताना जगाचा नकाशा पाहून त्यांना एक कल्पना सुचली. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा परस्परांत चपखल बसतात, हे त्यांच्या आधीही काहींच्या लक्षात आले होते. वेगेनर यांनी मात्र या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. मेसोसॉरस या गोड्या पाण्यातील सरीसृपाचे जीवाश्म ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या दोनच प्रदेशांत सापडत होते. ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीचे अवशेष दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलियात विखुरले होते. ज्या गोंडवन खडकांत हे अवशेष मिळतात, त्यांतच चंद्रपूर परिसरातील कोळशाचे थर आहेत. आज उष्ण असलेल्या या प्रदेशांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणाही आढळत होत्या. हे सारे भूभाग एकेकाळी एकत्र होते आणि पुढे परस्परांपासून दूर सरकले, असा निष्कर्ष त्यांनी ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात मांडला. पहिल्या महायुद्धात दोनदा जखमी झाल्यावर मिळालेल्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी तो ग्रंथरूपाने विस्तारला. खंड आणि महासागर यांच्या उत्पत्तीवरील हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला.

पृथ्वी थंड होऊन आकसते आणि सुकलेल्या फळाच्या सालीवर सुरकुत्या पडाव्यात तसे पर्वत उमटतात, असे त्या काळी मानले जाई. मग पर्वत सर्वत्र सारखे विखुरलेले का नाहीत? ते लांब, अरुंद पट्ट्यांतच का आढळतात? वेगेनर यांचे उत्तर सरळ होते. सरकणाऱ्या खंडाच्या पुढच्या कडेला घड्या पडतात, म्हणून अमेरिकेच्या पश्चिम काठावर अँडीजची रांग आहे. आणि भारतीय भूभाग आशियावर रेटला गेला, म्हणून हिमालय उभा राहिला.

या मांडणीवर टीकेचा भडिमार झाला. एवढे अवाढव्य खंड कोणत्या बळाने सरकतात, या प्रश्नाला वेगेनर यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. पृथ्वीच्या परिवलनातून निर्माण होणारे बल आणि भरती-ओहोटीची ओढ ही त्यांनी सुचवलेली कारणे अगदीच अपुरी असल्याचे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवून दिले. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतो, हा त्यांचा अंदाजही चुकीचा होता. टीका काही अंशी रास्त होती. पण तिच्याबरोबर पुराव्यांचीही उपेक्षा झाली. वेगेनर यांनी मात्र प्रत्येक आवृत्तीत ग्रंथ सुधारून आपला शोध चालू ठेवला. १९२४ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले.

१९३० साली ते ग्रीनलंडच्या चौथ्या मोहिमेचे नेते होते. हिमपठाराच्या मध्यावरील केंद्रात हिवाळा काढणाऱ्या सहकाऱ्यांना रसद कमी पडेल, या चिंतेने ते सप्टेंबरमध्ये श्वानगाड्या घेऊन निघाले. वाटेत बहुतेक ग्रीनलंडवासी परत फिरले. चाळीस दिवसांच्या खडतर प्रवासानंतर वेगेनर, फ्रिट्झ लोवे आणि विल्लुमसेन एवढेच तेथे पोहोचले. हिमदंशाने लोवे यांच्या पायांची बोटे कापावी लागली. केंद्रातील अन्नसाठ्यावर भार नको, म्हणून वेगेनर दोनच दिवसांत परत निघाले. मे १९३१ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. विल्लुमसेन याने तो काळजीपूर्वक शिवून बर्फात पुरला होता आणि खूण म्हणून स्की उभ्या रोवल्या होत्या. स्वतः विल्लुमसेन मात्र कधीच सापडला नाही.

वेगेनर यांच्या प्रश्नाचे उत्तर पुढे समुद्रतळाने दिले. महासागरातील पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, ही कल्पना १९६२ साली हॅरी हेस यांनी मांडली. पुढच्याच वर्षी तळाच्या खडकांतील चुंबकीय पट्ट्यांनी तिला आधार दिला. १९६०चे दशक संपेपर्यंत भूपट्टांचा सिद्धान्त आकाराला आला. खंड स्वतंत्रपणे सरकत नाहीत. ते ज्या भूपट्टांचा भाग आहेत, ते सरकतात. अँडीजखाली नाझ्का हा सागरी भूपट्ट खचत जातो. खोलवर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो आणि ज्वालामुखी जागे होतात. सततच्या दाबाने खंडाची कडा जाड होत उंचावते. भारताचे खंडीय कवच मात्र हलके असल्याने आशियाखाली सहज बुडू शकले नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या या टकरीत टेथिस समुद्राच्या तळाचे थर घड्या पडून वर आले. म्हणूनच एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात.

ती टक्कर अजूनही थांबलेली नाही. भारतीय भूपट्ट दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. त्यातून साठलेला ताण २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमधील भूकंपाच्या रूपाने मोकळा झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे प्राणास मुकली. ज्या हालचालीला एकेकाळी कल्पनाविलास म्हणून हसण्यावारी नेले गेले, ती आज उपग्रहांच्या साहाय्याने मिलिमीटरपर्यंत मोजली जाते. वेगेनर मात्र ग्रीनलंडच्या बर्फातच विसावले आहेत.