श्रीसंत तुकाराम महाराज : दुःखातून नामाकडे

इंद्रायणीच्या तीरावर वसलेले श्रीक्षेत्र देहू ही जगद्गुरू श्रीसंत तुकाराम महाराजांची जन्मभूमी, तपोभूमी आणि वैकुंठगमनाची भूमी होय. येथे दर्शनास येणारा प्रत्येक भाविक अंतःकरणात काही ना काही भार घेऊन येतो. कोणाच्या घरी मृत्यूने घाला घातलेला असतो, कोणाचा व्यवसाय बुडालेला असतो, तर कोणाच्या मनात स्वकीयांविषयीचा राग ठाण मांडून बसलेला असतो. ही सर्व दुःखे महाराजांच्या वाट्यास ऐन तारुण्यात आली. त्या दुःखांतून ते कसे पार पडले, याचे मनन केल्यास देहूची यात्रा अधिक सार्थ होते.

संपन्न घराणे

महाराजांचा जन्म सर्वसाधारणपणे शके १५३०, इ. स. १६०८ मधील मानला जातो. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वडिलांचे नाव बोल्होबा व आईचे नाव कनकाई. सावजी हे थोरले बंधू आणि कान्होबा हे धाकटे. घराण्याचे कुलनाम मोरे व उपनाम आंबिले. गावच्या पेठेची महाजनकी, शेती, वाणसामानाचा व्यापार आणि सावकारी यांमुळे घरात कशाचीही उणीव नव्हती. पूर्वज विश्वंभरबुवा यांच्यापासून श्रीविठ्ठलाची उपासना आणि पंढरीची वारी कुळात चालत आलेली होती. थोरल्या बंधूंचा कल विरक्तीकडे असल्याने प्रपंचाचा भार तुकोबांनी लहान वयातच उचलला. त्यांचा प्रथम विवाह रखुमाई यांच्याशी झाला. त्यांना दम्याची व्यथा असल्यामुळे वडिलांनी पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाबाई हिच्याशी दुसरा विवाह करून दिला.

आघातांची मालिका

वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास आई-वडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ भावजय निवर्तली आणि सावजी तीर्थाटनास निघून गेले. याच काळात इ. स. १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. पाऊस नाही, धान्य नाही, गुरे मेली, गावे ओस पडली. व्यापार बुडाला, दिलेले कर्ज परत येईना आणि तुकोबांचे दिवाळे निघाले. चारचौघांतील मान गेला. अशा स्थितीत रखुमाई अन्नावाचून गेल्या आणि त्यांच्या मागोमाग संतू नावाचा लहान मुलगाही दगावला. दुकान सांभाळणारा, हिशेबात चोख असलेला हा तरुण आतून पूर्णपणे कोसळला.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. महाराजांनी या काळातील लज्जा, पश्चात्ताप आणि उद्वेग कधीही लपविला नाही. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी तो उघडपणे सांगितला आहे. दुःख नाकारून त्यांना वैराग्य लाभले नाही. दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहिल्यामुळे ते लाभले.

भामचंद्र डोंगरावरील एकांत

या अवस्थेत महाराज भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. तेथे पंधरा दिवस त्यांनी अन्नपाण्याची तमा न बाळगता ईश्वरचिंतन केले व त्यांना साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते. कान्होबा भावाचा शोध घेत तेथे पोहोचले आणि दोघे इंद्रायणीकाठी परत आले. महाराजांचे हे परतणे महत्त्वाचे आहे. डोंगरावर शांती लाभली म्हणून ते तेथेच राहिले नाहीत. ज्या गावात अपमान झाला त्याच गावात, त्याच माणसांत ते पुन्हा आले.

खतपत्रांचे विसर्जन

परतल्यावर महाराजांनी सावकारीची खतपत्रे मागविली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे ते पुरावे होते. कान्होबांनी आपल्या संसाराची अडचण मांडली, तेव्हा कागदांचे दोन भाग करण्यात आले. निम्मे कागद भावास देऊन आपल्या वाट्याचे निम्मे कागद महाराजांनी इंद्रायणीत सोडून दिले. दुष्काळाने पिचलेली कितीतरी कुटुंबे त्यायोगे ऋणमुक्त झाली.

यात दुहेरी बोध आहे. आपल्या हक्काचा त्याग महाराजांनी केला. भावाच्या हक्काचा त्याग त्यांनी परस्पर केला नाही. तसेच ज्या धनाच्या वसुलीची चिंता मन पोखरत होती, ते धन मिळविण्याऐवजी त्याची आशाच त्यांनी सोडली. आसक्ती सुटावी असे मनाशी म्हणत राहण्यापेक्षा तिचा एक धागा प्रत्यक्ष तोडला, तरच पुढची वाट मोकळी होते.

साधनेचा क्रम

यानंतरची साधना अतिशय साधी व क्रमाची आहे. पूर्वजांचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते. महाराजांनी स्वतः कष्ट करून त्याची डागडुजी केली. एकादशीचे व्रत व कीर्तन सुरू केले. आरंभी मन त्यात रमत नव्हते, याची कबुलीही त्यांनी दिली आहे. मन लागत नाही म्हणून त्यांनी साधन सोडले नाही. संतांची वचने आदराने पाठ केली, कीर्तनकारांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, वाटसरूंची व दुर्बलांची देहाने सेवा केली. भंडारा डोंगरावर बसून श्रीज्ञानेश्वर महाराजांचे आणि श्रीएकनाथ महाराजांचे ग्रंथ तसेच श्रीनामदेव महाराजांचे अभंग यांचा अभ्यास केला.

पुढे माघ शुद्ध दशमी, गुरुवार या दिवशी स्वप्नात बाबाजी चैतन्य यांनी मस्तकी हात ठेवून ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. त्यानंतर नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली आणि अभंगगंगा प्रवाहित झाली. इ. स. १८६९ ते १८७३ या काळात मुंबईस छापलेल्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत.

क्रोधावर विजय

धनाचा लोभ एका दिवसात नदीत सोडता येतो. क्रोध तसा सुटत नाही. त्याची परीक्षा रोज होते. देहूतील मंबाजी गोसावी यांना महाराजांच्या कीर्तनास होणारी गर्दी सहन होत नव्हती. एकदा महाराजांच्या घरची म्हैस त्यांच्या बागेत शिरली. त्याचे निमित्त करून मंबाजींनी काटेरी फांद्यांनी महाराजांना झोडपून काढले. महाराज निमूटपणे घरी आले. रात्री कीर्तनास नेहमी येणारे मंबाजी दिसले नाहीत, तेव्हा महाराज स्वतः त्यांच्याकडे गेले, मारून थकलेल्या त्यांच्या हातांची विचारपूस केली आणि नम्रपणे त्यांना कीर्तनास घेऊन आले, असे चरित्रकार सांगतात. मार खाऊन गप्प राहणे दुर्बलासही जमते. मारणाऱ्यावाचून आपले कीर्तन अपुरे वाटणे, ही नामाने झालेली मनाची पालट होय.

वह्यांची कसोटी

सर्वांत कठीण प्रसंग पुढे आला. शूद्र कुळात जन्मलेल्याने वेदार्थ सांगू नये, या आक्षेपावरून वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्यास सांगितले. महाराजांनी त्या डोहात सोडल्या. पूर्वी खतपत्रे सोडली तेव्हा लोकांनी वेडा म्हटले होते. आता परमार्थाची शिदोरीही गेली म्हणून तेच लोक हिणवू लागले. महाराजांचे हृदय विदीर्ण झाले. देवाच्या दारी शिळेवर ते तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून पडून राहिले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या स्थितीत वर आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. रामेश्वर भट्ट पुढे महाराजांचे निष्ठावंत अनुयायी झाले. आज घरोघरी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांचीच आहे.

जिजाबाईंचे स्थान

महाराजांच्या विरक्तीचा भार जिजाबाईंनी वाहिला, हे विसरून चालणार नाही. घरात मुले लहान, मिळकत नाही आणि आलेले धान्य दारी येणाऱ्याच्या झोळीत जाई. त्या रागावत, विठ्ठलालाही बोल लावीत. पण भंडारा डोंगर चढून पतीस भाकरी पोहोचवून आल्याशिवाय त्या जेवत नसत. त्यांचा राग हा भुकेल्या मुलांच्या आईचा राग होता, त्यामागील निष्ठा अढळ होती. महाराजांनीही संसार टाकून संन्यास घेतला नाही. काशी, भागीरथी, गंगा या कन्या आणि महादेव, विठोबा, नारायण हे पुत्र असा त्यांचा परिवार होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा त्यांनी परत केला, असे परंपरा सांगते. चाकणचे संताजी जगनाडे यांच्यासारखे टाळकरी आणि शिऊरच्या संत बहिणाबाईंसारख्या शिष्या त्यांना लाभल्या.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया (इ. स. १६५०) या दिवशी महाराजांचे वैकुंठगमन झाले. त्यांच्यामागे जन्मलेले पुत्र नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून पंढरपुरास निघणारी पालखी ही त्याच परंपरेची आहे.

भाविकांसाठी

मुख्य मंदिरात श्रीविठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन घेऊन शिळामंदिरात जावे. महाराज ज्या शिळेवर तेरा दिवस पडून होते, ती शिळा येथे आहे. नूतन शिळामंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी झाले. तेथून इंद्रायणीचा डोह, भिंतींवर अभंग कोरलेले गाथामंदिर आणि नांदुरकीच्या वृक्षाखालील वैकुंठस्थान पाहावे. सवड असल्यास भंडारा व भामचंद्र या डोंगरांवरही जावे.

इंद्रायणीच्या काठी क्षणभर शांत बसून ‘रामकृष्णहरी’ या मंत्राचा जप करावा. प्रारंभी मन इतरत्र धावेल, त्याने खिन्न होऊ नये. ज्याच्याविषयी मनात राग आहे त्याचे स्मरण करावे, जे येणे बाकी राहिले आहे त्याची आशा नदीच्या स्वाधीन करावी आणि घरी परतावे. महाराजही येथूनच आपल्या घरी परतले होते.

॥ रामकृष्णहरी ॥